पहिली फेरी

९ जानेवारी

मामा,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण तो तास मी बहुतेक कुंपणाबाहेर काढला. तेव्हा सरळ नमस्कार. मामीलाही.

तुमच्या चिठ्ठीनं काम केलं. लिफ्ट कंपनीच्या मुकादमानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "ह्या माणसाचा भाचा? मग बघायलाच नको." खरंच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगात गणवेश, हातात पान्ह्यांची पेटी, आणि छत्तीस लिफ्ट माझ्या नावावर. तुमच्यामागे मशिनरूममध्ये तेलाचा डबा धरून उभा राहायचो, त्याचं असं चीज होईल असं कधी वाटलं नव्हतं.

खोली एका छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आहे. म्हातारा दिवसभर काड्या वाकवत बसतो आणि स्वतःशीच भांडतो. काल त्याला विचारलं, कोण जिंकतंय? म्हणाला, अजून चालू आहे. पण ते जाऊ दे, मला दुसरंच विचारायचं होतं.

सकाळी डोळे उघडतात आणि मी छताकडे बघत पडून राहतो. कामावर जायचं अंगावर येतं. बोटींना रंग दिला तेव्हा असंच झालं, लॉन्ड्रीत असंच, लाकडाच्या वखारीत असंच. पहिला महिना मी राजा, तिसऱ्या महिन्यात चोर. मग पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, भिंगरी नाव ठेवलंत ते काही चुकलं नाही. पण भिंगरी फिरायलासुद्धा कोणाला तरी दोरी ओढावी लागते. माझी दोरीच सापडत नाही. तुम्ही एकेचाळीस वर्षं एकच काम केलंत. हुरूप आणायचात कुठून?

तुमचा,
भिंगरी


१७ जानेवारी

भिंगरी,

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. मला लागलं नाही, मामीनं वाचून दाखवलं. वाचून दाखवलं म्हणजे ओरडून. माझे कान मशिनरूमनं खाल्ले ते खाल्लेच.

हुरूप म्हणे. मला एकेचाळीस वर्षांत भूक आली, झोप आली, राग आला, हुरूप काही आला नाही. मी एवढंच ठरवलं होतं की ज्या लिफ्टला हात लावला तिच्यातून पहिली फेरी मी करणार. माझ्याआधी तिच्यात कोणी पाय ठेवायचा नाही. एवढं एक धरलं की बाकीचं काम आपसूक नीट होतं, कारण आत जीव आपला असतो. तू हुरूप शोधत बसू नकोस. एक गोष्ट धर, जी काय वाट्टेल ते झालं तरी सोडायची नाही. हुरूप नंतर येतो. आला तर. नाही आला तरी लिफ्ट चालते.

आपल्या बिल्डिंगची मात्र चालत नाही. ऑगस्टमध्ये मी वर जाऊन तारेच्या दोराला फडकं धरलं आणि दोर फिरवला. आठवतं ना, फडकं अडकलं की तिथे तार तुटली समजायचं. एका वितीत नऊ ठिकाणी अडकलं. खाली येऊन मेन स्विच बंद केला आणि माझं कुलूप घातलं. कमिटी म्हणते, दोर बदलू, बदलू. पाच महिने बदलताहेत. सहाव्या मजल्यावरचा वकील मला कुलूपवाले म्हणतो. कुलूप तोडायला सगळे तयार आहेत, पहिल्या फेरीत बसायला कोणी नाही.

मशिनरूमची लोखंडी शिडी आता माझ्यानं होत नाही. ऑगस्टची ती शेवटची. मामी मजेत आहे.

तू पहिली फेरी करतोस ना? लिही.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

माझ्या लिफ्टांपैकी एकीत रोज अकरा वाजता एक कुत्रा येतो. कोणाचा आहे माहीत नाही. कोणीतरी आत शिरलं की हा मागोमाग शिरतो, पाचव्यावर उतरतो, तिथल्या पायपुसण्यावर तासभर झोपतो आणि जिन्यानं खाली जातो. खाली जाताना जिना का, हे मी चार दिवस त्याच्यामागे फिरून शोधलं. कळलं नाही. मुकादम म्हणाला, कंपनी तुला कुत्र्यासाठी पगार देते का?

छत्रीवाल्याची गंमत सांगतो. त्याच्या माळ्यावर दुरुस्त केलेल्या तीनशे छत्र्या आहेत. लोक देऊन जातात, न्यायला येतच नाहीत. काही मेलेसुद्धा असतील. हा दर महिन्याला त्या सगळ्या एकेक करून उघडतो, झटकतो, मिटतो, नाही तर म्हणे कापड चिकटतं. मी म्हटलं, बाबा, कशासाठी? तर म्हणाला, "दुरुस्त केलीय म्हणून."

मला हसू आलं आणि मग दिवसभर आलंच नाही.

इथे वारा फार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीला म्हणावं, तिनं विणलेला स्वेटर वखारीत राहिला, पण मी तो आणणार आहे.

भिंगरी


१४ फेब्रुवारी

बाळा,

पेन्सिलीनं लिहिते आहे, पेन ह्यांच्या खिशात असतं. उत्तर आमच्या नावानं पाठवू नकोस, शेजारच्या शिवणवालीच्या नावानं पाठव. ती आणून देते.

तुझं कुत्र्याचं पत्र ह्यांनी तीनदा वाचायला लावलं. मी ओरडून ओरडून दमले. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, "पान मागे उलट, मागे काहीतरी असेल." मागे काही नव्हतं. तू पहिली फेरी करतोस की नाही, तेवढं त्यांना ऐकायचं होतं.

मी मजेत आहे असं ते तुला लिहितात. तसंच त्यांना वाटावं म्हणून मीच तसं वागते. ऑगस्टपासून माझे पाय खाली रस्त्याला लागलेले नाहीत. माझं हृदय फुगलंय म्हणतात. डॉक्टर एकदा चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आला, धापा टाकत माझी नाडी बघितली, आणि म्हणाला मोठ्या दवाखान्यात तपासण्या करा, दर पंधरवड्याला या. कशी येऊ? उतरेन एक वेळ. चढू कशी? गेटाजवळचा माझा बसायचा बाक खिडकीतून दिसतो. त्यावर सध्या पेपरवाला बसतो.

मी त्यांना कुलूप उघडा म्हटलेलं नाही. म्हटलं तर ते उघडतील, म्हणूनच म्हणत नाही. तत्त्व त्यांचं आणि गुडघे माझे, असा संसार चाललाय.

पण हल्ली ते खचलेत. जिन्यात कोणी त्यांच्याशी बोलत नाही. परवा जेवता जेवता हात थांबला आणि म्हणाले, "मी एकटाच शहाणा असेन असं कसं होईल?" एकेचाळीस वर्षांत हा माणूस असं बोलला नव्हता. मी म्हटलं, भिंगरी आहे ना तुमच्या वळणाचा. तर लहान पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

तेव्हा तू लिही की पहिली फेरी करतोस. खरं असेल तर खरं लिही. नसेल तरी लिही. त्यांना उभं राहायला तेवढी एक पायरी हवी आहे.

तुझी मामी


२१ फेब्रुवारी

मामी,

वाचून फाडून टाक.

मी करत नाही. पहिली नाही, दुसरी नाही, मी लिफ्टमध्ये शिरतच नाही. सकाळी मुकादमाबरोबर चहाच्या दुकानात बसतो. तो तपासणीची कार्डं पत्त्यांसारखी वाटतो आणि आम्ही सह्या करतो. ह्या महिन्याची, शिवाय पुढच्या तीन महिन्यांची, म्हणजे सारखं जायला नको. मग एक जण फिरून ती लिफ्टांमध्ये लावून येतो. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, तपासायचं कधी? सगळे इतके हसले की मीही हसलो. कुत्रा मला दिसला तोसुद्धा कार्ड लावायला गेलो तेव्हा.

मामांच्या चिठ्ठीवर मिळालेली नोकरी आहे ही. सकाळी छताकडे बघत का पडून राहतो, ते मला माहीत आहे. त्यांना विचारलं ते उगीच.

तू खाली उतरली नाहीस हे मला कोणी सांगितलं नाही. मी स्वेटरचं लिहीत बसलो.

तू म्हणतेस तसं लिहितो. तुझ्यासाठी लिहितो.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

मामा,

मागच्या पत्रात राहून गेलं. करतो ना. न करून सांगतो कुणाला!

परवाचंच बघा. सात मजली बिल्डिंग, ब्रेकचं काम होतं. झाल्यावर लोक पिशव्या घेऊन दारात ताटकळलेले. एक बाई म्हणाली, "अहो, दूध नासेल." मी म्हटलं, बाई, दूध नासलं तर नवं आणता येतं. आत शिरलो, दार ओढलं, सातवा दाबला. तुम्ही शिकवलंत तसा तळवा भिंतीला लावून उभा राहिलो. चौथ्याजवळ बारीकसा धक्का लागला, परत वर गेलो, पट्टी सारखी केली, परत फेरी. मग दार उघडून म्हटलं, या आता. त्या बाईनं जाता जाता माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

आमच्या कंपनीत सगळेच असे आहेत. मुकादम तर म्हणतो, पहिली फेरी चुकवली तर गणवेश काढून ठेव. फडक्याशिवाय कोणी शिडी चढत नाही.

तुम्ही एकटे नाही आहात, मामा.

तुमचाच,
भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी मामीला अकरा वेळा वाचायला लावलं. तिचा घसा बसला. म्हणते पाठ झालंय, आता कागद नको. तळवा भिंतीला लावतोस हे ऐकून मी उठून उगीच खिडकीशी गेलो. ते मी तुला शिकवलं नव्हतं रे, तू बघून उचललंस.

आता ऐक. तुझ्या कंपनीची शाखा आमच्या गावात आहे. मी कमिटीच्या बैठकीत तुझं पत्र घेऊन गेलो. चौथ्यावरून दुसऱ्यावर, वर येताना वकिलानं हात धरला. मी म्हटलं, ही एक कंपनी अशी आहे की जिच्या कार्डावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन, माझा भाचा आहे तिथे. सगळ्यांनी लगेच हात वर केले. सात महिन्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी खुर्ची दिली.

काल त्यांचा माणूस आला. मी त्याला कुलपाची चावी दिली. दोन तासांनी कुलूप-चावीबरोबर त्यानं खालूनच कागद पाठवला, दोर बदलला, सगळं ठीक. मी शिडी चढू शकत नाही, पण तू आहेस म्हटल्यावर बघायचं काय?

येत्या रविवारी सकाळी दहाला लिफ्ट सुरू. मामीनं ठेवणीतल्या चपला काढून दाराशी ठेवल्यात, आठवडाभर आधी. आधी बाकावर बसणार म्हणते, दवाखान्याचं सोमवारी बघू. पेपरवाल्याला निरोप पाठवलाय, जागा सोड.

भिंगरी, मी उगीच जगलो असं मला वाटायला लागलं होतं. तसं नव्हतं तर.

मामा


२० मार्च, स्टेशनवरून

मामा, लिफ्ट उघडू नका.

पत्रातलं एक अक्षर खरं नाही. दूधवाली बाई नाही, चौथ्याजवळचा धक्का नाही. आमच्याकडे कोणी शिडी चढत नाही. कार्डं चहाच्या दुकानात भरतात, पुढच्या तीन महिन्यांचीसुद्धा. तुमच्याकडचा माणूस दोन तास वर होता की चहा पीत होता, देव जाणे. मामीला त्या लिफ्टमध्ये बसवू नका.

तुमच्या बिल्डिंगखालच्या दुकानदाराला फोन लावला. आधी म्हणाला, वरची गिऱ्हाइकं ह्यांच्या कुलपापायी तुटली. मग म्हणाला, सांगतो. त्याच्या सांगतोचा भरवसा वाटत नाही म्हणून हे तातडीनं टाकतो आहे आणि मीही निघतो आहे. तिकीट काढलंय. पत्राआधी मीच पोचेन. शनिवारी संध्याकाळी दारात असेन.

भिंगरी


२७ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी आलं. दुकानदारानं काही सांगितलं नाही. तू शनिवारी येणार होतास हेही सोमवारीच कळलं. त्यावर तीन दिवस दाराची कडी काढून ठेवली होती. काल लावली.

रविवारी दहाला सगळे खाली जमले होते. मामी चौथ्यावर लिफ्टच्या दारात उभी होती, चपला घालून, हातात पिशवी. मी म्हटलं, थांब, आधी मी. ती म्हणाली, "माहीत आहे हो." मी एकटा आत शिरलो, तळवा भिंतीला लावला, तळमजला दाबला.

लिफ्ट छान चालली. धक्का नाही, आवाज असेल तर मला ऐकू येत नाही. मी खूश होतो. सवयीनं कार्डाकडे बघितलं. मार्चची सही होती. खाली एप्रिलची होती. मेची होती. जूनची होती.

तळमजल्यावर दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर येऊन मेन स्विच बंद केला. कुलूप खिशातच होतं, जुनी सवय. वकील काहीतरी ओरडत होता, त्याचं तोंड हलताना दिसलं. कोणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिला. मी जिना चढायला लागलो. चौऱ्याऐंशी पायऱ्यांना मला सव्वा तास लागला. मामी अजून लिफ्टच्या दाराकडे तोंड करून उभी होती. मला जिन्यानं आलेलं बघितलं आणि तिनं पिशवी खाली ठेवली. चपला काढून कपाटात ठेवल्या.

मग सोमवारी तुझं पत्र वाचून दाखवताना तिनं सांगितलं की तुला लिहायला तिनंच लावलं होतं. म्हणाली, "मला वाटलं, खोट्याला काय वजन असतं!"

दोर नवा आहे की जुना, मला माहीत नाही. मला वर चढता येत नाही, आणि माझ्या शब्दावर आता कोणी चढणार नाही. कदाचित नवाच असेल. कदाचित तिला त्या दिवशी बाकावर बसता आलं असतं, दवाखान्यात जाता आलं असतं, आणि मी एका कागदासाठी तिला परत कोंडलं. हेच डोक्यातून जात नाही. एक गोष्ट धर, सोडू नकोस, असं मी तुला लिहिलं. ती धरण्याचा भार कोणाच्या गुडघ्यांवर पडतो ते लिहायचं राहिलं.

तुझ्यावर रागावलो असतो तर बरं झालं असतं.

मामा


३० जुलै

मामा,

चार महिने लिहिलं नाही. रोज लिहिलं, टाकलं नाही.

मी निघालो होतो. गाडी बदलायच्या स्टेशनवर उतरलो, बाकावर बसलो, तुमची गाडी आली, तिच्याकडे बघत राहिलो. ती गेली. समोरच्या फलाटावर उलटी जाणारी लागली, तिच्यात बसलो. एवढंच. मी आयुष्यभर हेच केलंय, फक्त ह्यावेळी मला दिसत होतं की मी काय करतोय. दगडाच्या खाणीत महिना काढला. तुमचं पत्र छत्रीवाल्यानं तिकडे पाठवलं. वाचल्यावर खाणीतून चालत निघालो.

कंपनीत परत गेलो. मुकादमाला म्हटलं, माझ्या सहीच्या छत्तीस लिफ्ट मला बघायच्यात. तो म्हणाला, ऊन लागलंय, पाणी पी. पहिल्याच लिफ्टच्या दोराला फडकं धरलं, चार ठिकाणी अडकलं. मी कार्डावरची माझी सही खोडली आणि स्विच बंद केला. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. गणवेश मात्र परत दिला नाही. त्याच्या जोरावर राखणदार आत सोडायचे. बाकीच्या पस्तीस तशाच केल्या. शिडी, फडकं, आणि पहिली फेरी. एकूण तीन बंद केल्या. एकीत दोन मजल्यांच्या मधे अडीच तास अडकलो. एका ठिकाणी लोकांनी बाहेर काढलं ते मारायलाच. एकीच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर आजारी माणूस होता. त्याची बायको हात जोडून म्हणाली, दादा, महिनाभर चालू दे. मी बंद केली, मामा. तुम्हाला तिथे काय वाटलं असेल ते तेव्हा कळलं.

परवा छत्तिसावी झाली. शेवटच्या फेरीत कुत्रा आला होता. त्याला बाहेर काढलं, आधी मी गेलो, मग त्याला घेतलं. मला वाटलं होतं, छत्तीस झाल्या की काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. सकाळी अजून छताकडे बघत पडतो. फक्त मग उठतो. तुम्ही म्हणाला होतात हुरूप नंतर येतो, आला तर. आलेला नाही.

आता एकच लिफ्ट राहिली आहे. तिच्यावर माझी सही नव्हती, पण ती माझीच. मी येऊ का? शिडी मला चढता येते. दोर बघतो, पहिली फेरी करतो, आणि ठीक असेल तर मामीला बाकावर नेऊन बसवतो. तिला सांगा, स्वेटर सापडला.

तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. ह्यावेळी विचारून येतो आहे.

भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरी,

शिवणवालीनं तुझं पत्र हातवारे करून वाचून दाखवलं.

मामी जुलैच्या दोन तारखेला गेली. सकाळी धाप लागली. चौघांनी खुर्चीत बसवून जिन्यानं न्यायला घेतली. त्यात वकील होता. तिचं तोंड वर माझ्याकडे होतं, मी एकेक पायरी मागून येत होतो. ती पायऱ्या मोजत होती. मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसत होते. एकसष्टाला थांबली.

मी बरोबर होतो का, हे मला कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. तूही नको.

कुलूप अजून आहे. दोर कसा आहे ते अजून कोणाला माहीत नाही. आता ह्या बिल्डिंगमध्ये खाली जायची घाई असलेलं माझं कोणी उरलं नाही, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला दिवस गेलेत.

फडकं धुऊन ठेवलंय. चावी खुंटीवर आहे.

येशील तेव्हा जिन्यानं ये.

मामा